गॅलकॉन, ऑरालक्स, युफ्लोरिया: या गेममध्ये खरंच डोकं लागतं, की फक्त पटापट बोटं चालवायची?

तुम्ही विचारलंय की या साध्यासुध्या अंतराळ-स्ट्रॅटेजी गेमना निम्मे लोक 'कंटाळवाणा' म्हणतात आणि निम्मे डोक्यावर घेतात, तर खरं कोणाचं मानायचं आणि सुरुवात कुठून करायची. सुरुवातीचं शेवटी बघू. आधी ते 'फक्त बोटं' प्रकरण, कारण ते वाक्य दिसलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

'सगळा क्लिक करण्याचा खेळ आहे' असं म्हणणारा बहुधा नुकताच हरलेला असतो. आणि ज्याने हरवलं, त्याने बऱ्याचदा कमीच क्लिक केलेले असतात.

पुरावा हवाच असेल तर २०१० सालची 'गूगल एआय चॅलेंज' बघा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स क्लबने ती भरवली होती. खेळ होता 'प्लॅनेट वॉर्स', म्हणजे फिल हॅसीच्या गॅलकॉनवरून घेतलेली, चालीचालीने खेळायची आवृत्ती. खेळणार बॉट, माणसाने फक्त प्रोग्रॅम लिहून द्यायचा. चार हजारांहून जास्त बॉट उतरले आणि हंगेरीच्या गाबोर मेलिशचा लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला बॉट पहिला आला. बोटांच्या वेगाचा संबंधच नव्हता, तरी चांगला बॉट आणि टुकार बॉट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडत होता. तो कुठून आला असेल?

फरक येतो पहिल्या दोन-तीन चालींच्या हिशोबातून. खेळ असा: आपल्या ग्रहांवर जहाजं आपोआप वाढतात, ती पाठवून दुसरे ग्रह घ्यायचे. माझ्याबरोबर नेहमी खेळणारा एक गडी आहे. त्याचं ठाम मत, की मॅपवरचा सगळ्यात मोठा न्यूट्रल, म्हणजे अजून कोणाचाच नसलेला, ग्रह पहिल्या फटक्यात घ्यायचा, बाकी सगळं मागून. त्याच्याशी वाद घालताना मी नेहमी हीच मांडणी समोर ठेवतो. नियम प्लॅनेट वॉर्सचे घेतो, म्हणजे आकडे पक्के राहतात.

दोघांच्या घरच्या ग्रहावर १०० जहाजं, वाढ चालीला ५. दोन घरांमधलं अंतर २०, म्हणजे ताफ्याला पोचायला २० चाली. बरोबर मध्ये, दोघांपासून १० वर, एक मोठा न्यूट्रल: ६८ जहाजं, वाढ ५. माझ्या घराजवळ दोन किरकोळ ग्रह: एक ५ वर, १४ जहाजांचा, वाढ २, दुसरा ६ वर, २१ जहाजांचा, वाढ ३. त्याच्या बाजूलाही तसेच दोन आहेत, पण त्याचं तिकडे लक्षच नाही.

तो पहिल्याच चालीत ६९ जहाजं मधल्या ग्रहाकडे सोडतो. ६८ पाठवून चालत नाही, बरोबरी झाली की ग्रह आधी ज्याचा होता त्याचाच राहतो. मी १५ आणि २२ सोडतो आणि माझे दोन्ही किरकोळ ग्रह घेतो. दहाव्या चालीच्या शेवटी त्याच्या घरी ८१ आणि मोठ्या ग्रहावर १, म्हणजे एकूण ८२. माझ्या घरी ११३, एका ग्रहावर ११, दुसऱ्यावर १३, म्हणजे एकूण १३७. आता वाढ मोजा. त्याची ५ आणि ५, दहा. माझी ५, ३ आणि २, दहाच. उत्पादन सारखं, पण न्यूट्रल जहाजं मारण्यात त्याची ६८ गेली, माझी ३५. शिवाय माझे ग्रह चार-पाच चाली आधी पिकायला लागले. ५५ जहाजांची ही आघाडी त्याने बोटं कितीही चालवली तरी भरून निघत नाही.

हे गणित एका ओळीत बसतं. ग्रह घ्यायला लागणारी जहाजं भागिले त्याची वाढ, अधिक तिथवरचं अंतर. जितकं कमी तितका ग्रह आधी घ्यायचा. मधल्या ग्रहाचे पैसे वसूल व्हायला २४ चाली लागतात. माझ्या दोघांचे १३ आणि १४ चालींत होतात. ग्रहाचा आकार बघून भुलणारे लोक हा भागाकार कधी करत नाहीत, आणि मग गेमला 'लॉटरी' म्हणतात.

त्याहून मोठा धडा स्नाइपचा, म्हणजे दुसऱ्याने नुकताच घेतलेला ग्रह स्वस्तात हिसकावण्याचा. समजा ३० जहाजांच्या, वाढ ४ असलेल्या न्यूट्रलकडे समोरच्याने ३१ पाठवली. पोचल्यावर त्याच्याकडे उरणार १. तुम्ही त्याच्यानंतर बरोबर एका चालीने पोचा: तोवर तिथे १ अधिक ४, म्हणजे ५ जहाजं असतील, तुम्हाला ६ पुरतात. त्याने ३१ खर्चून साफ केलेला ग्रह तुम्हाला सहात. पण एक चाल चुकली की सगळं फिसकटतं. त्याच्याच चालीत पोचलात तर तिरंगी लढतीचा नियम लागतो: सगळ्यात मोठ्या सैन्यातून दुसऱ्या क्रमांकाचं वजा, म्हणजे ३१ वजा ३०, त्याचाच १ उरतो आणि तुमची ६ फुकट. एक चाल आधी पोचलात तर तुम्ही न्यूट्रल ३० वरून २४ वर आणून ठेवता आणि त्याचा खर्च वाचवता. म्हणून दुसऱ्याचा ताफा निघाला की अंतर मोजायचं, लगेच झेपावायचं नाही. आणि तो वेळेत बघून मागून कुमक पाठवू शकतो हेही धरायचं. उरलेली जहाजं ज्याच्याकडे जास्त, तो ही ओढाताण जिंकतो. वरच्या मांडणीत पहिले ताफे सुटले की घरी माझी ६३ उरतात, त्याची ३१.

तिसरी गोष्ट नवीन खेळाडू हमखास विसरतात: हल्ला करताना ग्रहावर आत्ता दिसणारा आकडा कामाचा नसतो. दिसणारा आकडा, अधिक वाढ गुणिले अंतर, अधिक वाटेत असलेली त्याची कुमक, इतकं पार करावं लागतं. घरी ८१ दिसतात म्हणून ११३ घेऊन निघालात, तर २० चालींनी तिथे १८१ उभी असतात. तुमचं घर रिकामं, ताफा वाया, आणि प्लॅनेट वॉर्समध्ये सुटलेला ताफा परत बोलावता येत नाही. प्रत्येक ग्रहावरून किती जहाजं काढली तरी तो ग्रह वाचतो, हा आकडा डोक्यात ठेवायचा आणि त्याच्यावर एकही जहाज हलवायचं नाही.

आता 'कंटाळवाणा' म्हणणाऱ्यांचं. त्यांचं निम्मं बरोबर आहे, हे मान्य करतो. या सगळ्याच गेममध्ये निकाल लवकर लागतो आणि उरलेला वेळ साफसफाईत जातो. ऑरालक्समध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. २०११ चा ई. मॅकनीलचा गेम, ग्रहांऐवजी सूर्य, ते संगीताच्या ठोक्यावर युनिट्स, म्हणजे तिथलं सैन्य, सोडतात, सगळं मुद्दाम संथ. तुम्ही आणि दोन कॉम्प्युटर अशा तीन बाजू असल्यामुळे जो आधी भिडतो तो खर्च होतो आणि तिसऱ्याचं फावतं. म्हणून खरी चाल म्हणजे आपला सूर्य मोठा करत थांबणं आणि बाकी दोघं एकमेकांवर गेले की पाठीमागून शिरणं. ज्यांना थांबणं जमत नाही ते 'दोन्ही कॉम्प्युटर माझ्यावरच तुटून पडतात' अशी तक्रार करतात. कमजोर सूर्य उघडा टाकलात तर पडणारच की.

युफ्लोरिया (२००९) दिसायला सगळ्यात देखणा, आणि तक्रारही तीच, संथपणाची. तिथे ग्रहांऐवजी लघुग्रह आणि जहाजांऐवजी बीजं, आणि एक झाड लावायला १० बीजं जातात. लघुग्रहाचे एनर्जी, स्ट्रेंग्थ, स्पीड हे तीन गुण तिथल्या झाडांच्या बीजांत उतरतात, त्यामुळे कुठली झाडं कुठे लावता हे महत्त्वाचं. दुसऱ्याचा लघुग्रह घ्यायचा तर नुसते रक्षक मारून भागत नाही, मुळाशी शिरून गाभ्याची ऊर्जा संपवायला आणखी बीजं खर्ची पडतात. रक्षकांइतकीच बीजं मोजून नेली की हल्ला तिथेच आटपतो. पण पुढच्या पुढच्या लेव्हलना 'साठवा आणि सोडा' एवढंच उरतं, हे खरं.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या वरच्या हिशोबाच्या विरुद्ध जाते. घरं जवळ असतील तर ग्रह गोळा करत बसू नका. अंतर २० ऐवजी ८ असेल आणि त्याने ६९ बाहेर पाठवली, तर दुसऱ्या चालीत तुमच्याकडे १०५ असतात. त्यातली १०० सरळ त्याच्या घरावर सोडा. नवव्या चालीच्या शेवटी पोचाल तेव्हा तिथे ७६ असतील, २४ तुमची उरतील आणि घर तुमचं. तसंच, मूळ गॅलकॉन रिअल टाइम आहे. तिथे टक्केवारीने जहाजं पाठवावी लागतात आणि वर सांगितलेलं अचूक ६ पाठवणं जमेलच असं नाही, त्यामुळे दोन-चार जास्तीची धरा. आणि हो, माणसांविरुद्ध खेळताना बोटांचा थोडा वाटा असतोच. पण गेमचा निकाल त्यावर ठरतो, एवढंच मला मान्य नाही.

सुरुवात गॅलकॉनपासून करा. डाव छोटे असतात, हरल्याचं कारण लगेच कळतं. स्टेल्थसारखे मोड नंतर. शत्रूची जहाजंच दिसत नसतील तर मोजणार काय? ऑरालक्स त्याच्यानंतर, युफ्लोरिया शांत वेळ हाताशी असेल तेव्हाच. आणि तुम्हालाही कोणी 'मोठा ग्रह आधी'वाला भेटला, तर वरचीच मांडणी कागदावर काढून त्याला मोठा ग्रह घ्यायला सांगा. दहा चाली झाल्या की दोघांची बेरीज त्यालाच करायला लावा.