माझोव्हिया, म्हणजे वॉर्साभोवतालचं पोलंडचं मांडलिक राज्य. त्याच्या शेवटच्या दोन राजपुत्रांना पोलंडच्या राणी बोनाने विष दिलं होतं का? नाहीतर ते राज्य पोलंडमध्ये गेलं कसं?

विष बाजूला ठेवा. स्तानिस्वाव ऑगस्ट 1524 मध्ये गेला, धाकटा यानुश तिसरा मार्च 1526 मध्ये. दोघं पंचविशीच्या आतले, अविवाहित. त्यात राणी इटलीची! मग पुरावा मागतो कोण?

मला या कथेचा राग येतो, कारण ती सांगणारे 1462 हे साल वाचतच नाहीत. त्या वर्षी 1 जानेवारीला याच राजघराण्याच्या प्वोत्स्क शाखेचा श्येमोवित सहावा वारला आणि फेब्रुवारी सरायच्या आत त्याचा धाकटा भाऊ व्वादिस्वाव दुसराही. दोघंही कोवळे, निपुत्रिक. तेव्हाही विषाची कुजबुज झालीच. बोनाचा जन्म 1494 चा! मांडलिकाचा वंश खुंटला, असं म्हणत पोलंडचा राजा काझिमिर चौथ्याने त्यांचे रावा आणि गोस्तिनिन हे मुलूख खालसा केले. 1476 मध्ये सोखाचेव्हचा मुलूख गेला. 1495 मध्ये वॉर्सा शाखेतला यानुश दुसरा निपुत्रिक वारला, प्वोत्स्कही गेलं. त्या शाखेतल्या चार भावांपैकी मागे मुलगे राहिले ते एकट्या कोनराड तिसऱ्याचे. तो 1503 मध्ये वारल्यावर त्याच्या विधवेने, आना राजिवीवने, उरलेला मुलूख 1504 मध्ये मुलांच्या नावे कायम करून घेतला, पण तो फक्त पुरुष वारसांपुरता. राज्य बुडालं ते त्या अटीत.

म्हणून 1526 मध्ये राजपुत्रांची बहीण आना हयात असून उपयोग झाला नाही. तिथले सरदार तिच्या बाजूचे होते. बोनाचा नवरा, राजा झिगमुंट पहिल्याने त्याच वर्षी वॉर्सात येऊन त्यांच्याकडून निष्ठेची शपथ घेतली. विषाचा आरोप तिथल्याच सरदार घराण्यातल्या कातार्जिना राजेयोव्स्का या बाईवरही आला होता. अखेर 1528 मध्ये राजाने जाहीरनामाच काढला, की राजपुत्र माणसाच्या हाताने नव्हे, देवाच्या इच्छेने गेले. क्षय असावा, असं आज बरेच जण मानतात. 1529 मध्ये विलीनीकरणावर शिक्का बसला, पण माझोव्हियाचा वेगळा कायदा 1577 पर्यंत चालला. त्यातली काही कलमं त्यानंतरही.

हां, बोनाला फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही. नवरा गेल्यावर 1548 पासून इटलीला परत जाईपर्यंत तिचा मुक्काम वॉर्सातच होता. पण फायदा झाला म्हणजे खून केला, हा न्याय लावायचा तर 1462 चा खुनी आधी शोधा.

वॉर्साला गेलात तर सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये दोघा भावांची समाधी बघा. तांबड्या संगमरवरात, चिलखत घालून, शेजारी शेजारी पहुडलेत. ती त्यांच्या बहिणीने, आनानेच करवून घेतली.