भूल देताना चूक होते ती कुठे?

या वेळच्या प्रश्नांमध्ये ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टर आहेत, अमेरिकेत शिकणारी एक विद्यार्थिनी आहे आणि पेशंटचे नातेवाईकही आहेत.

प्रश्न : अमेरिकेत नर्स भूल देते, हे खरं का? मग आपल्याकडे का नाही?
(आयसीयू स्टाफ नर्स, नाशिक)

खरं आहे, आणि ते आजचंही नाही. मेयो क्लिनिकमधल्या ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ साली १४,०००हून जास्त भुलींचा आढावा छापला होता. भुलीमुळे त्यात एकही मृत्यू नव्हता. आज तिथे नर्सिंगची पदवी, क्रिटिकल केअरमधला किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर खास शिक्षण लागतं. २०२२पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेटच करावी लागते. काही राज्यांत या नर्स डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतात, काही राज्यांत स्वतंत्रपणे.

आपल्याकडे भूल देणं हे भूलतज्ज्ञ डॉक्टरचं काम. सिस्टर औषधं भरते, श्वासाची ट्यूब टाकताना मदत करते, रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर शुद्धीवर येण्याच्या खोलीत, पेशंट सांभाळते. तिथला अनुभव जमेस धरून आपल्याकडे सिरिंज हातात घेऊ नये. पण चुका कुठे होतात ते मात्र दोन्हीकडे सारखंच.

प्रश्न : मी न्यू जर्सीत नर्स ॲनेस्थेशिया शिकते. ट्यूब श्वासनलिकेत गेली की अन्ननलिकेत, याची खात्री करताना छातीचे आवाज, ट्यूबमधली वाफ, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) हे सगळं बघते. तरी इन्स्ट्रक्टर म्हणतात, "आधी कॅप्नो बघ." असं का?

कारण बाकीच्या तिन्ही गोष्टी फसवतात. अन्ननलिकेतून हवा गेली तरी तिचा आवाज छातीवर ऐकू येतो, विशेषतः बारीक अंगाच्या पेशंटमध्ये आणि लहान मुलांत. वाफ पोटातूनही येते. सर्वात घातक आहे ते सॅच्युरेशन. आपणच तीन मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देऊन फुप्फुसं भरलेली असतात, त्यामुळे निरोगी माणसात श्वास पूर्ण बंद असतानाही आकडा कित्येक मिनिटं ९८–९९वर टिकतो. तो घसरायला लागतो तेव्हा हातातली वेळ संपत आलेली असते. जाड पेशंट, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ही मुदत आणखी कमी.

कॅप्नो म्हणजे कॅप्नोग्राफ. तो श्वासागणिक बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड लाटेच्या रूपात दाखवतो. एखादी लाट दिसली म्हणून सुटलो असं समजू नका. मास्कने श्वास देताना थोडा वायू पोटात गेलेला असतो, तो पहिल्या काही श्वासांत लाटा दाखवतो आणि मग त्या विरत जातात. म्हणून किमान सात श्वास एकसारख्या किंवा वाढत्या लाटा मोजा आणि प्रत्येक लाटेचं शिखर तळरेषेपेक्षा साडेसात मिलिमीटर पाऱ्याहून उंच आहे ना ते बघा. रेषा सपाट असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. सीपीआर चालू असतानाही ट्यूब योग्य जागी असेल तर लहान का होईना लाट येते, त्यामुळे "हृदय बंद आहे म्हणून लाट नाही" ही सबब चालत नाही.

कॅप्नोकडे हवा नेणारी सॅम्पलिंग लाइन निघाली असेल, तिच्यात पाणी साचलं असेल, ट्यूब मुडपली असेल किंवा जोराचा ब्रोंकोस्पाझम (श्वासनलिका आवळणं) असेल, हे सगळं होऊ शकतं. पण त्याचा शोध घेत बसायचं नाही. जोडणी बघायला काही सेकंद पुरतात. शंका उरलीच तर ट्यूब काढा आणि मास्कने ऑक्सिजन द्या. मी ट्यूब व्होकल कॉर्डमधून (स्वरतंतूंमधून) जाताना बघितली होती, हे वाक्य अशा वेळी कुणाच्याही तोंडी असू नये. बघितलेली ट्यूबसुद्धा चिकटपट्टी लावताना हलते.

प्रश्न : आमच्याकडे सिझेरियन खूप होतात. स्पायनलच्या (पाठीत टोचून द्यायच्या भुलीच्या) ट्रेमध्ये चुकीचं औषध जाऊ नये म्हणून काय करावं?
(ओटी सिस्टर, लातूर)

हा प्रश्न वेळेवर आला. यातली सर्वात भयंकर चूक म्हणजे पाठीत बुपिव्हाकेन या बधिरतेच्या औषधाऐवजी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध जाणं. प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला तर तीन तासांच्या आत एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून द्यायचं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणून ते सिझेरियनच्या ओटीत कायम हाताशी असतं. काचेचे दोन्ही अँप्यूल छोटे, पारदर्शक, पाण्यासारखे, आणि घाईत हात आकाराकडे बघून उचलतो. या चुकांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये इशाराही दिला.

चूक कशी ओळखाल? इंजेक्शननंतर पाय जड होण्याऐवजी पाठीत, नितंबांत, पायांत असह्य वेदना सुरू होतात. मग पाय झटके देतात, रक्तदाब आणि नाडी वाढते, झटके सर्वांगात पसरतात, हृदयाची लय बिघडते. अशा केसमध्ये मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे. म्हणून "स्पायनल लागली नाही, पुन्हा देऊ" म्हणण्याआधी रिकामा अँप्यूल हातात घेऊन नाव वाचा. त्यासाठी केस संपेपर्यंत रिकामे अँप्यूल फेकायचे नाहीत.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भुलीच्या ट्रॉलीवर नकोच, ते वेगळ्या कपाटात ठेवा. स्पायनलच्या ट्रेवर फक्त स्पायनलची औषधं. अँप्यूल फोडण्यापूर्वी देणाऱ्याने नाव, टक्केवारी आणि मुदत मोठ्याने वाचायची, घेणाऱ्यानेही स्वतः वाचायची. कंपनी बदलली की अँप्यूलचं रूपडं बदलतं, त्या दिवशी सगळ्यांना कळवा. भरलेल्या सिरिंजवर लेबल ताबडतोब लावा. आधी सगळ्या भरून मग लेबल लावू, हा खाक्या बहुतेक घोटाळ्यांच्या मुळाशी असतो.

प्रश्न : ब्लॉक (शरीराच्या एका भागापुरती भूल) दिल्यावर पेशंट म्हणाला, "तोंडात लोखंडासारखी चव येतेय." हे काय असतं? डोस कसा मोजतात?
(नर्सिंग विद्यार्थी, सांगली)

बधिरतेचं औषध रक्तात जास्त गेल्याची ती पहिली खूण असू शकते. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, बेचैनी, मग फिट आणि हृदयाची लय बिघडणं असा क्रम असतो. मात्र कधी फिट न येताच हृदय थांबतं.

हिशेब सोपा आहे : टक्केवारीला दहाने गुणलं की एका मिलीमध्ये किती मिलिग्रॅम ते कळतं. ०.५ टक्के बुपिव्हाकेन म्हणजे मिलीला ५ मिलिग्रॅम. किलोला दोन मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे २४ मिली. सर्जनने जखमेत टोचलेलं औषधही याच हिशेबात धरायचं. नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं. देताना आधी सिरिंज ओढून रक्त येतं का बघायचं आणि तीन ते पाच मिलीच्या हप्त्यांत द्यायचं.

खुणा दिसताच टोचणं थांबवा, मदतीला हाक मारा, ऑक्सिजन द्या, फिट आवरा. मग २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) : किलोला दीड मिली, म्हणजे ६० किलोला ९० मिली, दोन-तीन मिनिटांत. त्यानंतर मिनिटाला किलोमागे पाव मिली, म्हणजे १५ मिली. ॲड्रेनालिन लागलंच तर किलोला एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही. त्याने हृदय आणखी दबतं. ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक ओटीत ही लिपिडची बाटली असावी, आणि ती कुठे आहे हे रात्रपाळीलाही ठाऊक असावं.

प्रश्न : वडिलांना गुटख्याची जुनी सवय. तोंड नीट उघडत नाही. ऑपरेशन हर्नियाचं आहे, तरी सांगायला हवं का?
(वाचक, अकोला)

पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर तेही सांगा. दाढेच्या सुजेने किंवा दुखण्याने आवळलेला जबडा भूल दिल्यावर बहुधा सैल पडतो. गुटख्याने कडक झालेला तोंडाच्या आतला पडदा मात्र स्नायू सैल करणाऱ्या औषधानेही सैल होत नाही. तोंड जेवढं आहे तेवढंच उघडणार. आधी कळलं तर पेशंट जागा असताना नाकातून दुर्बिणीने ट्यूब टाकता येते, किंवा हर्निया स्पायनलवर करता येतो. लपवलं तर हे भूल दिल्यावरच कळतं.

ऑपरेशनआधीच्या खाण्यापिण्याचंही लगेच सांगतो. दुधाचा चहा म्हणजे अन्नच, ऑपरेशनआधी सहा तास बंद. पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. तळलेलं खाल्लं असेल तर आठ तास. वडील मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी घेत असतील तर भूलतज्ज्ञांना विचारा. ती साधारण तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

प्रश्न : रिकव्हरीत सॅच्युरेशन ९८ आहे, तरी पेशंटचा श्वास मोजायला सांगतात. गरज आहे का?
(सिस्टर, रत्नागिरी)

आहे. मास्कने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मिनिटाला आठवर आला तरी ९८ दिसत राहतं. पूर्ण मिनिट मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. फेंटानिल किंवा मॉर्फिन ही वेदनाशामकं दिलेला पेशंट हाक मारल्यावर दोन श्वास घेऊन पुन्हा झोपत असेल, तर तो अजून वॉर्डात पाठवण्यासारखा झालेला नाही.