आधी जाहिरात वाच, मग क्लासचं बोलू

काल अभ्यासिकेत सगळ्यांसमोर तुला जरा जास्तच बोललो. तू फाईल उचलून गेलीस तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसलो. आवाज चढला त्याचं वाईट वाटतंय, पण जे बोललो ते मागे घेत नाहीये.

तू विचारलंस, सर भरतीचे अकरा फॉर्म भरले, एकातही काही झालं नाही, आता कुठला क्लास लावू. मी उलट विचारलं की या अकरातल्या किती जाहिराती पूर्ण वाचल्यास, तर म्हणालीस पात्रता आणि शेवटची तारीख बघितली, बाकीचं नेटकॅफेवाल्या दादांना माहितीये. तिथं माझं डोकं फिरलं. अगं त्या दादाला दिवसाला चाळीस पोरांचे फॉर्म भरायचे असतात, त्याला फॉर्मचे पैसे मिळतात, तुझ्या नोकरीचे नाही. त्याच्याकडून टायपिंग करून घे, स्कॅन करून घे, पण कुठल्या चौकटीत काय टाकायचं हे त्याला ठरवू देऊ नकोस. ते ठरवायचं तू, आणि ते ठरतं जाहिरात वाचून. पूर्ण. पहिल्या ओळीपासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत.

तुझी फाईल रात्री परत आठवून बघितली. बँकेच्या फॉर्मचंच घे. तू एनटी-डी, म्हणजे भटक्या जमातींच्या ड गटातली. बँकेच्या फॉर्ममध्ये एनटी नावाचा पर्यायच नसतो, तिकडे एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि जनरल एवढंच. म्हणून त्या नेटकॅफेवाल्या दादाने तुला जनरल टाकून दिलं. आपल्याकडचे व्हीजे (विमुक्त जाती), एनटी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे केंद्राच्या ओबीसी यादीत जात असेल तर तिकडे ओबीसी धरले जातात, आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे आपण मागासांमधल्या सधन गटात मोडत नाही याचं सर्टिफिकेट लागतं, राज्याचं चालत नाही. नमुना जाहिरातीसोबतच दिलेला असतो. फी जनरलला आणि ओबीसीला सारखीच, ८५० रुपये, पण कटऑफ वेगळा आणि वयाची ३ वर्षांची सूट वेगळी. म्हणजे तू सगळी स्पर्धा उगाच जनरलमधून दिलीस. आता सांग, यात क्लासवाला काय करणार होता?

दुसरा तो फॉर्म, जिथं पदवी मागितली होती. तुझ्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जुलैत लागला, अर्जाची मुदत जूनमध्ये संपली होती. काही जाहिरातींमध्ये शेवटच्या वर्षाला असलेल्यांना पूर्वपरीक्षेला बसू देतात, काहींमध्ये अर्जाच्या शेवटच्या तारखेला पदवी हातात लागते. तुझ्या जाहिरातीत दुसरं लिहिलं होतं, बोल्ड अक्षरात. ती परीक्षा तू पास झाली असतीस तरी कागदपत्र पडताळणीला बाहेरच गेली असतीस. पाच महिने अभ्यास केलास तू त्याचा.

मला हे इतकं का लागतं ते कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. २०११ ला मी एका ऑफिसच्या कनिष्ठ लिपिक भरतीत मेरिट लिस्टमध्ये तिसरा होतो. तिसरा! वडील पडताळणीला सोबत आले, एसटीने तीन तास. ते बाहेर लिंबाखाली डबा घेऊन बसले आणि मी आत गेलो. नॉन-क्रीमीलेयर काढायला टाकलं होतं, येईलच चार दिवसात म्हणून फॉर्ममध्ये "आहे" लिहिलं होतं, आणि सर्टिफिकेटवर तारीख पडली अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरची, ९ दिवसांनी. साहेबांनी दोनदा बघितलं, जाहिरातीतला मुद्दा बोटाने दाखवला, आणि माझं नाव यादीतून काढलं. चांगले होते ते, पाणी पण दिलं. मी कितीतरी वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या. पण तो मुद्दा जाहिरातीत होता गं, माझ्या घरी त्या जाहिरातीचं कात्रण होतं, आणि मी त्यातल्या जागा किती आणि पगार किती एवढंच वाचलं होतं. परत येताना वडील अर्ध्या वाटेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, भूक लागली का. डबा तसाच होता.

नोकरी नंतर लागली, दोन वर्षांनी, दुसरीकडे. पण ती दोन वर्षं गेलीच ना.

म्हणून मी कुणाचा फॉर्म भरून देत नाही. सख्ख्या धाकट्या भावाचाही नाही दिला, तो अजून नीट बोलत नाही माझ्याशी, घरचे म्हणतात एवढं येतं तर पाच मिनिटं दिली असती तर काय झालं असतं. मला माहितीये लोक काय म्हणतात. पण मी भरून दिला असता तर त्याने जाहिरात कधीच वाचली नसती, पुढचा फॉर्म कुणी भरला असता? मी बरोबर केलं असंच मला वाटतं, आजही.

आणि दुसऱ्याने वाचलेलं तुझ्या कामाचं नाही, मागच्या भरतीचं तर अजिबातच नाही. तुझी ती मैत्रीण छातीठोक सांगत होती ना की महिला आरक्षणाला ओपनच्या मुलींना पण नॉन-क्रीमी लागतं, ती अट २०२३ च्या मे महिन्यात सरकारने काढली. ती खोटं बोलत नव्हती, तिने जुनी जाहिरात वाचलीये एवढंच. उलट पोलीस भरतीत पोरं ऐकीव माहितीवर एकाच पदासाठी तीन-तीन जिल्ह्यांत फॉर्म टाकतात, आणि जाहिरातीत एका पदाला एकच अर्ज असं स्पष्ट असतं.

छोट्या गोष्टी पण तिथेच लिहिलेल्या असतात. बँकेचा फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी आणि ती काळ्या शाईने, कॅपिटल अक्षरात सही चालत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा. ते हस्तलिखित डिक्लेरेशन स्वतःच्या अक्षरात, इंग्रजीत, तेही कॅपिटलमध्ये नाही. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एका ठिकाणी "राव" आहे एका ठिकाणी नाही. हे आत्ताच दुरुस्त करून घे, पडताळणीचं पत्र आल्यावर धावपळ करू नकोस. नॉन-क्रीमी पण एप्रिल-मेमध्ये काढून ठेव, जूनमध्ये ॲडमिशनवाल्यांची गर्दी होते आणि सेतू केंद्रात, जिथं हे दाखले काढतात, नंबर लागत नाही. आणि त्यावर मुदतीचा ३१ मार्च कुठल्या सालचा लिहिलाय ते बघत जा.

तू म्हणालीस एवढी वीस-तीस पानं कोण वाचतं. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज आले, फी ओपनला १,००० आणि आपल्याला ९००. एवढ्या गर्दीत तू शिरणार, वडिलांचे पैसे भरणार, वर्षभर रात्री जागणार आणि तीस पानं वाचायचा कंटाळा? मला राग तुझा नाही येत, हुशार पोरगी अशी वाया जाते त्याचा येतो. तुझे टेस्टचे मार्क बघितलेत मी. तुला क्लासची गरजच नाहीये.

रविवारी दहाला ये. येताना जी जाहिरात आता चालू आहे तिची पूर्ण प्रिंट आण, मोबाईलवर नको, आणि पेन्सिल आण. जिथं कळलं नाही तिथं खूण कर, तेवढंच आपण बोलू. फॉर्म अजून भरला नसशील तर भरू नकोस, मुदत आहे. आणि त्या फाईलमधलं राज्याचं आणि केंद्राचं सर्टिफिकेट वेगवेगळ्या कप्प्यात ठेव, काल दोन्ही एकातच कोंबलेली होती. केंद्राचं तर अजून काढलेलंच नाहीस बहुतेक, ती दोन्ही राज्याचीच असतील. घरी गेल्यावर आधी ते बघ.