शुष्क पानझडी जंगलांतील पक्ष्यांवर पावसाचा परिणाम अधिक होतो की माणसाच्या वावराचा? एका वर्षाच्या नोंदींवरून ते सांगता येईल का?

परिणाम दोन्हींचा होतो, पण त्यांचे स्वरूप वेगळे आहे. पावसावर त्या वर्षीची वीण अवलंबून असते, तर अवर्षण सरल्यावर पक्ष्यांची संख्या पुन्हा सावरेल की नाही, हे बऱ्याच अंशी माणसाने जंगलात काय शिल्लक ठेवले आहे यावर ठरते.

या जंगलांत पाऊस मोजक्या महिन्यांतच पडतो. पहिल्या सरींनंतर झाडे पालवतात, कोवळ्या पानांवर अळ्या येतात आणि कीटकभक्षी पक्षी त्या सुमारास पिल्ले वाढवतात. एरवी दाणे टिपणारे अनेक पक्षीही पिल्लांना कीटकच भरवतात. पाऊस लांबला की घरटीही लांबतात, आणि लवकर संपला तर दुसऱ्या विणीला वेळच उरत नाही. मात्र सगळ्यांचे वेळापत्रक एक नसते. कित्येक झाडे निष्पर्ण असतानाच फुलतात, त्यामुळे मध पिणाऱ्या पक्ष्यांची कोरड्या दिवसांतही चंगळ असते.

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर ग्वानिका येथील संरक्षित शुष्क जंगलात पक्षी-अभ्यासक जॉन फाबोर्ग यांनी 1970 च्या दशकात जाळी लावून पक्ष्यांच्या नोंदी घेण्यास सुरुवात केली. तेथे अवर्षणाच्या काळात स्थानिक पक्ष्यांची संख्या घटलेली आढळली. संरक्षित जंगल असल्यामुळे तेथे पावसाचा परिणाम त्यामानाने स्पष्ट दिसू शकला, हे मला महत्त्वाचे वाटते; इतरत्र तो तोड आणि चराई यांच्यात मिसळून जातो.

माणसाचा परिणाम सहसा सावकाश होतो, म्हणूनच तो लक्षात येत नाही. वाळलेले खोड सरपणासाठी नेले तर जंगलाचे काही बिघडले असे वाटत नाही. पण त्याच खोडात सुतार पक्षी ढोली कोरतो, तो ती सोडून गेला की तिथे पिंगळा किंवा मैना राहायला येते, आणि खोडच गेल्यावर या सगळ्यांची घरट्याची जागा जाते. त्यातच शेळ्या रोपे खुडत राहिल्या, तर पुढे ढोल्या धरतील अशी झाडे वाढतच नाहीत.

ब्राझीलच्या काटिंगा प्रदेशातील स्पिक्सचा मकाव हे याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. हा निळा पोपट हंगामी ओढ्यांकाठच्या काराइबेइरा वृक्षांच्या ढोल्यांत घरटी करीत असे. त्या कोरड्या मुलखात असे वृक्ष मुळातच पाण्याच्या वाटेपुरते होते. तेच तुटत गेले, चराईमुळे नवे वाढले नाहीत आणि उरलेले पक्षी विक्रीसाठी पकडले गेले. ज्ञात असलेला शेवटचा वन्य पक्षी 2000 मध्ये दिसेनासा झाला. 2022 मध्ये पिंजऱ्यांत वाढवलेले काही पक्षी तेथे पुन्हा सोडण्यात आले.

तेव्हा एका वर्षाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. चांगल्या आणि अपुऱ्या पावसाची, अशी दोन्ही वर्षे नोंदींत येऊ द्या. शिवाय जातींची निव्वळ संख्याही फसवी असते, कारण जंगल विरळ झाले की माळरानावरचे आणि वस्तीजवळचे पक्षी आत शिरतात आणि एकूण आकडा तितकाच राहू शकतो. म्हणून ढोलीत घरटी करणाऱ्या आणि दाट झुडपांत वावरणाऱ्या जातींचा हिशेब वेगळा ठेवावा, आणि प्रत्येक पाहणीच्या जागी उभी वाळलेली झाडे किती आहेत तेही मोजावे.