'नो स्मोकिंग' हा सिनेमा खरंच इतका वाईट आहे का?

तुम्ही विचारलंय की समीक्षकांनी झोडपलेला आणि लोकांनी पाठ फिरवलेला 'नो स्मोकिंग' काही जणांना खरंच आवडतो, की आवडल्याचं नुसतं दाखवतात? मला खरंच आवडतो. तो कळायला मला कुठल्या फिल्म फेस्टिवलनं मदत केली नाही, माझ्या गावानं केली. मी निपाणीचा, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातला.

२६ ऑक्टोबर २००७ ला हा सिनेमा लागला. त्याच शुक्रवारी 'जब वी मेट' पण लागला होता. मी तेव्हा बेळगावला कॉलेजात होतो. रूमवरची सगळी पोरं तिकडं गेली, मी आणि एक मित्र इकडं. मित्र जॉन अब्राहमसाठी आला होता. आत मोजून पंधरा-वीस माणसं असतील, मध्यंतरानंतर निम्मी राहिली. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "पैसे पाण्यात गेले." मी काही बोललो नाही, कारण मला काय झालंय ते मलाच सांगता येत नव्हतं. बसस्टँडपर्यंत आम्ही गप्पच चाललो.

न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा काळ्या विनोदाचा, म्हणजे भीतीतून हसवणारा सिनेमा. नायकाचं नाव नुसतं 'के'. पैसेवाला, उर्मट, सिगारेटशिवाय क्षणभर न राहणारा. बायको वैतागते तेव्हा तो मित्राच्या सांगण्यावरून धारावीत जमिनीखाली चालणाऱ्या एका 'प्रयोगशाळे'त जातो. तिथं परेश रावलचा बाबा बसलेला. तो के कडून करारावर सही घेतो आणि मग शिक्षा सांगतो. सिगारेट ओढलीस तर तू आजवर ओढलेल्या सगळ्या सिगारेटींचा धूर तुझ्या भावाला एका बंद खोलीत घ्यावा लागेल. तरी ऐकलं नाहीस तर बोटं जातील. पुढं अजून आहेच. मूळ कल्पना स्टीफन किंगच्या एका कथेची, पण दिग्दर्शक अनुराग कश्यपनं ती उचलून पार स्वप्नात नेऊन सोडलीय. बर्फाळ सैबेरिया काय, बाथटब काय, नायक कुठं झोपतो आणि कुठं जागा होतो याचा पत्ता लागत नाही.

लोकांची तक्रार हीच होती की गोष्ट कळत नाही आणि हसायचं कुठं ते समजत नाही. हसायचं बाबाच्या बोलण्यात आहे. परेश रावल एकदाही खलनायकासारखा ओरडत नाही. माणसाची बोटं कापण्याबद्दल तो असं बोलतो, जसा दुकानदार वहीवर उधारी मांडतो. सगळं नियमात, सगळं लिहून घेतलेलं, आणि सगळं तुझ्याच भल्यासाठी. मला तिथं हसू आलं आणि लगेच पोटात गोळा आला. काळ्या विनोदाकडून मी दुसरं काही मागत नाही.

त्या सहीच्या प्रसंगाला मी जास्तच हललो. आमच्या सीमाभागात मराठी म्हातारी माणसं कानडीत छापलेल्या फॉर्मवर कारकून बोट दाखवील तिथं सही करतात, नाहीतर अंगठा देतात. आमच्या आजोबांनी एका कार्यालयात असाच एक कागद सही करून दिला आणि त्यात काय लिहिलं होतं ते आम्हाला वर्षानं कळलं. आपण काय लिहून देतोय याची कल्पना नसताना पेन उचलणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मी घरात बघितलेलं आहे. जॉनच्या अभिनयाला लोक नावं ठेवतात, पण त्या ठिकाणी त्याचं कोरं तोंड अगदी बरोबर बसतं.

आता त्या बंद खोलीबद्दल. समीक्षकांना ती अतिरेकी वाटली. निपाणीच्या माणसाला ती तशी वाटणं अवघड आहे. आमचं गाव तंबाखूवर उभं राहिलं. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथंच पुणे-बंगळूर रस्ता अडवला, गोळीबारात माणसं गेली. शेतकऱ्यांचं ते सगळ्यांना माहीत आहे. वखारीतल्या बायकांचं कमी लोकांना माहीत आहे. त्यांच्यावर १९८२ मध्ये युगांतर या स्त्रीवादी गटानं माहितीपट केला होता, मिळाला तर तोही जरूर बघा.

माझी आई अशाच एका वखारीत होती. तंबाखू चाळायचा, पाखडायचा. वारं लागून माल उडू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. नाकाला पदर गुंडाळायचा, तरी नव्या बाईला पहिले काही दिवस ठसका, चक्कर, उलट्या ठरलेल्या. आई घरी आली की उंबऱ्याबाहेर पदर झटकायची आणि आंघोळ होईपर्यंत आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. हात कितीही घासले तरी भाकरीला एक कडवटपणा यायचाच. आम्हाला तीच भाकरीची चव वाटायची, मामाच्या घरी भाकरी गोड लागली की चुकल्यासारखं व्हायचं. आईनं जन्मात विडी तोंडाला लावली नाही. तिचा खोकला आजही थांबलेला नाही.

मग सिनेमात एकजण ओढतो आणि दुसऱ्याच्या छातीत सगळा धूर भरला जातो, तेव्हा मी त्याला कल्पना कसं म्हणू? काही वर्षांनी मी तो घरी लावला होता. आई भाजी निवडत बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. त्या खोलीच्या ठिकाणी तिनं मान वर केली आणि म्हणाली, "खिडकी न्हाई व्हय रं तिथं?" बाकी सिनेमातलं तिनं काही विचारलं नाही.

कश्यपच्या मनात वखार नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्याच्या मनात त्याची स्वतःची घुसमट होती. त्याचा आधीचा सिनेमा 'पाँच' सेन्सॉरमध्ये अडकला तो थिएटरात आलाच नाही. त्याचाच 'ब्लॅक फ्रायडे' १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यामुळं कोर्टानं थांबवला आणि २००७ च्या फेब्रुवारीत सुटला. शिवाय पडद्यावर सिगारेटच दिसू नये असा नियम केंद्रानं २००५ साली आणला होता, दिल्ली हायकोर्टानं तो २००९ मध्ये रद्द केला. या सगळ्याच्या मध्ये हा सिनेमा आला. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणत गळा धरणाऱ्यांवरचा त्याचा राग फ्रेमफ्रेममध्ये दिसतो. सिगारेट वाईट की चांगली हा त्याचा विषयच नाही, आणि लोक नेमकं तेच शोधत बसले.

दोष आहेत, ते झाकत नाही. उत्तरार्ध लांबतो. बिपाशाचं गाणं बाहेरून आणून ठेवल्यासारखं वाटतं. शेवटची वीसेक मिनिटं मला आजही पुरती उलगडलेली नाहीत, आणि ज्यांना ती फसवणूक वाटली त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण राजीव रवीचा कॅमेरा, गुलजारांचं 'जब भी सिगरेट जलती है' आणि बाबाचं ते तळघर, एवढ्यासाठी मी हा सिनेमा पाच वेळा बघितलाय आणि परत बघीन.

तुम्ही बघणार असाल तर करारावर सही होईपर्यंत धीर धरा. तिथं हसू आलं नाही आणि भीतीही वाटली नाही तर खुशाल बंद करा, पुढं मन लागणार नाही.

त्या मित्राला मी गेल्या दिवाळीत परत बसवलं. त्याला याही वेळी आवडला नाही, मध्येच उठून दोनदा चहा करून आला. फक्त त्या खोलीच्या वेळी तो जागचा हलला नाही. त्याची आजी संकेश्वरला विड्या वळायची.