पलंगाखालच्या बाटल्या

“आईला सगळं विसरायला होतंय. आयुष्यभर तिनं इतकं सोसलंय, त्याचाच हा परिणाम असेल का? आता हे वाढतच जाणार का?”

वयस्कर आईवडिलांना घेऊन येणारी मुलं हे विचारतातच. मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला समुपदेशन करते. व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरात नसतील एवढे व्हिएतनामी लोक या शहरात राहतात, त्यामुळे माझ्याकडेही ते बरेच येतात. लान आणि तिच्या आईची ही हकिकत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. तेव्हापासून दिवसभर घरात एकट्या. नातवंडांची भाषा इंग्रजी, त्यांची व्हिएतनामी. लाननं यादीच आणली होती. भात लावून विसरते. तेच तेच विचारते. रात्री चार वेळा दाराची कडी बघते. पलंगाखाली पाण्याच्या बाटल्या साठवते, वीस तरी असतील. बोलता बोलता ती ‘लू लन’ म्हणाली. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून जे सोडून देतात, तोच अर्थ.

एका दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी झाली होती, तीसपैकी अठरा गुण. भाषांतर लाननंच केलं होतं. कागद बघताना मी तारखेच्या रकान्याशी थांबले. आजची तारीख विचारल्यावर आईंनी ‘चौथ्या महिन्याची बारावी’ सांगितलं होतं. लिहिलं होतं, चूक. माझी साताऱ्याची आजी तारीख विचारली की ‘आज वद्य अष्टमी’ म्हणायची. मी व्हिएतनामी चांद्र पंचांग काढून पाहिलं. त्या दिवशी खरोखरच चौथ्या महिन्याची बारावी होती. जन्मतारखेचंही तसंच. कागदावर १ जानेवारी, कारण निर्वासितांचे फॉर्म भरताना कितीतरी लोकांच्या नावापुढे तीच तारीख पडली. आईंनी सांगितलं होतं, कोंबड्याचं वर्ष. त्या पंचांगात दर वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं. १९४५ हे कोंबड्याचंच वर्ष होतं.

म्हणजे त्यांना काहीच झालं नव्हतं असं नाही. भात खरंच करपत होता. पण काय हरवलंय आणि काय आपल्यालाच ऐकू आलेलं नाही, हे आधी वेगळं करायला हवं होतं.

पुढच्या भेटीला मी प्रशिक्षित दुभाषी बोलावली आणि लानला बाहेर बसायला सांगितलं. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी मोफत दुभाषी द्यायचा असा कायदाच आहे, तरी मुलांनाच मध्ये घालतात. मला हे अजिबात पटत नाही. आई लेकीच्या तोंडून स्वतःचं दुःख कसं सांगेल? व्हिएतनामीत ‘मी-तुम्ही’ऐवजी नात्यानंच बोलतात. मी त्यांना ‘बाक’ म्हटलं, म्हणजे आईवडिलांहून वयानं मोठं माणूस, आणि स्वतःला ‘कोन’, म्हणजे लेकरू. मग विचारलं, “बाक, त्या बाटल्या कशासाठी?”

त्यांनी टेबलावरच्या बाटलीचं झाकण काढलं, उलटं केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन ३० एप्रिल १९७५ला कम्युनिस्टांच्या हाती पडली. चार वर्षांनी त्या होडीतून निघाल्या, मांडीवर छोटी लान, बरोबर त्यांचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ. माणशी एवढं पाणी, म्हणाल्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. चौथ्या दिवशी भाऊ गेला. पुढे मलेशियातलं पुलाऊ बिडाँग बेट. जेमतेम चौरस किलोमीटरभर जागा, आणि १९७९ साली तिथे चाळीस हजारांच्या आसपास माणसं. अमेरिकेत आल्यावर तीस वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंगचं काम केलं. भावाबद्दल घरात कधी बोलल्या नाहीत. “लान तेव्हा रडत होती. माझ्या वाटचं पाणी मी तिला दिलं, भावाला नाही.”

दुभाषी बाईंचा आवाज इथे थांबला. आम्ही तिघी काही वेळ गप्प बसलो.

लानच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे. मनावरचे जुने आघात, नैराश्य यांचा स्मृतिभ्रंशाच्या वाढत्या धोक्याशी संबंध संशोधनात दिसतो. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या तज्ज्ञ आयोगानं टाळता किंवा कमी करता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, आणि जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडले. त्यात कमी ऐकू येणं आहे, नैराश्य आहे, एकटेपणा आहे, रक्तदाब आहे. आईंच्या घरी यातलं जवळपास सगळंच होतं.

वृद्धांच्या डॉक्टरांकडे त्यांना पाठवलं. डावा कान फारच कमी ऐकत होता. झोपेसाठी त्या दुकानातून आणून जी गोळी रोज घेत होत्या, तिच्यात ॲलर्जीचं जुनं औषध होतं. म्हातारपणी त्यानं विसरणं आणि गोंधळ वाढतो. ती बंद झाली, कानाला यंत्र लागलं, नैराश्यावर औषध सुरू झालं. चाचणी पुन्हा झाली, ती मात्र व्हिएतनामीत. स्मृतिभ्रंश नाही, पण वयाच्या मानानं विसरणं थोडं जास्त, दरवर्षी बघायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. मी लानपासून यातलं काही लपवलं नाही.

मी तिला आणखी एक विनंती केली: आईला सारखं ‘तू किती खंबीर’ म्हणू नकोस. ते ऐकलं की आईचं तोंडच बंद होई.

व्हिएतनामी घरांत माणूस गेल्याच्या तिथीला ‘यो’ करतात, आपल्या श्राद्धासारखं. फोटोपुढे उदबत्ती, फळं, त्याच्या आवडीचं जेवण. भावाचा यो कधी झालाच नव्हता. समुद्रावर तिथीचा हिशेब कोण ठेवणार? अशा वेळी माणूस घरातून निघाला तो दिवस धरायची रीत आहे. तो दिवस आईंना पक्का आठवत होता. बाल्कनीतल्या बादल्यांतला गवती चहा आणि पुदिना त्यांनी स्वतः तोडला. माशाचा आंबट रस्सा केला. काय कशात घालायचं ते नातवाला सांगत होत्या, आणि लान मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होती. या मामाचं नाव तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आई अजून विसरतात. गॅसला आता आपोआप बंद होणारं बटण आहे. कडी रात्री एकदाच बघतात. बाटल्या वीसच्या सहा झाल्या. त्या काढून टाकायच्या का, असं लाननं मला विचारलं होतं. मी म्हटलं, राहू देत. त्यातलं पाणी ती आता दर महिन्याला बदलते.