१९६८ च्या फोक्सवॅगन बीटलला १९७२ च्या सुपर बीटलचा गिअरबॉक्स बसेल का?

नाही. टोकन दिलं नसेल तर देऊ नका.

तुमची गाडी अमेरिकेत विकलेली, १९६८ ची, चार गिअरची साधी मॅन्युअल. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गिअर निसटून न्यूट्रलला येतो. आणि जवळच कुणीतरी १९७२ च्या सुपर बीटलचा गिअरबॉक्स स्वस्तात काढतोय. विकणारा म्हणतो, ‘सगळ्या बीटल सारख्याच, चार बोल्टांचं काम आहे.’ तो खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. इंजिन ज्या चार बोल्टांवर गिअरबॉक्सला लागतं ते खरंच जुळतील. घोटाळा इंजिनाच्या बाजूला नाही, चाकांच्या बाजूला आहे.

तुमच्या गाडीला मागे स्विंग एक्सल आहे. गिअरबॉक्सच्या दोन्ही कुशींतून एक-एक लोखंडी नळी निघते, तिच्या मुळाशी रबरी बूट असतो आणि आतून अखंड एक्सल जातो. एक्सलचं आतलं टोक चपटं असून ते थेट डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) साइड गिअरमध्ये बसतं. म्हणजे ती नळी नुसतं आवरण नाही, चाकाला जागेवर धरण्याचं कामही तीच करते. १९६९ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बीटलला आयआरएस, म्हणजे स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आलं. तिथे गिअरबॉक्सच्या बाजूंना नुसत्या गोल फ्लँज असतात, प्रत्येक बाजूच्या शाफ्टला दोन सीव्ही जॉइंट (कोनात असतानाही फिरणारे सांधे) असतात आणि चाक धरायला वेगळा तिरका आर्म असतो. तो आर्म जिथे अडकतो ते ब्रॅकेट चॅसीच्या टॉर्शन ट्यूबला (सस्पेन्शनच्या दांड्या जिच्यात असतात त्या मागच्या आडव्या नळीला) कारखान्यातच वेल्ड केलेलं असतं. तुमच्या चॅसीवर ते नाही. (१९६८ मध्ये ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट (क्लचच्या पेडलशिवाय गिअर बदलणाऱ्या) गाड्यांना मात्र आयआरएस होतं. तुमची मॅन्युअल आहे, तरी एकदा गाडीखाली वाकून बघा. चार सीव्ही जॉइंट दिसले तर आधीच्या मालकाने बदल करून ठेवलाय, आणि मग माझं उत्तरही बदलेल.)

स्विंग एक्सलची गाडी आयआरएसवर नेता येते आणि बरेच जण नेतातही. जोरात वळण घेताना मागचं चाक आत दुमडण्याची स्विंग एक्सलची खोड त्याने जाते. पण ते टॉर्शन ट्यूबवर मापात वेल्डिंग करण्याचं काम आहे, शिवाय आर्म, शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या हे सगळं आलं. तिसऱ्या गिअरसाठी एवढा उपद्व्याप कुणी करू नये.

सुपर बीटलच्या त्या बॉक्समध्ये आणखी एक फरक निघेल. १९७१ पासून रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की पुढे सरकणारं) एका गाइड स्लीव्हवर सरकतं आणि त्याच्या जोडीच्या प्रेशर प्लेटला (क्लचची चकती दाबून धरणाऱ्या) मधली रिंग नसते. तुमच्या गाडीच्या प्रेशर प्लेटला ती रिंग आहे. जुनी प्लेट आणि नवं बेअरिंग अशी भेळ केली तर क्लच नीट चालणार नाही आणि इंजिन पुन्हा खाली उतरवावं लागेल.

मग बसतं काय? सगळ्यात सरळ म्हणजे १९६७ किंवा १९६८ चा मॅन्युअल स्विंग एक्सल बॉक्स. १२ व्होल्टचं फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं दातेरी चाक), लांब एक्सल, ४.१२५ चं क्राउन-पिनियन (एक्सल फिरवणारी शेवटची गिअरजोडी; आकडा म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे), सगळं तुमच्यासारखं. या दोन वर्षांचे बॉक्स कमी मिळतात, कारण सगळे त्यांच्याच मागे असतात.

१९६१ ते १९६६ चे बॉक्सही बसतात, पण प्रत्येकाला काहीतरी चिकटलेलं असतं. त्यांच्या नळ्या आणि एक्सल आखूड असतात, म्हणून तुमचे लांबवाले काढून लावावे लागतील. तिथे घाई करू नका. एक्सलचं चपटं टोक आणि साइड गिअर कारखान्यात रंगाच्या खुणा करून जोडीने लावलेले असतात. कुठलाही एक्सल कुठल्याही गिअरमध्ये ढकलून चालत नाही, फट मोजावी लागते. दुसरं म्हणजे बेल हाउसिंग, म्हणजे फ्लायव्हील ज्यात फिरतं ते गिअरबॉक्सचं इंजिनाकडचं आवरण. ६ व्होल्टच्या काळातलं फ्लायव्हील १०९ दातांचं, तुमचं १३० दातांचं आणि आकाराने मोठं. ते आत घासू नये म्हणून हाउसिंग आतून थोडं ग्राइंड करावं लागतं, आणि स्टार्टरच्या टोकाचा बुशही तुमच्या स्टार्टरला जुळणारा घालावा लागतो. तिसरं, क्राउन-पिनियन बहुतेक ४.३७५ चं निघेल. गाडी चढाला चपळ होईल, पण हायवेवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळपास दोनशे फेरे जास्त मारेल. मला तो आवाज आवडत नाही. डोंगराळ भागात राहणाऱ्या एकाला मात्र तेच हवं होतं.

१९६१ च्या आधीचा दोन फाकांचा बॉक्स विसरा, त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोनायझरच (गिअर न खरखरता बसवणारा भाग) नाही. आणि १९६७ पर्यंतच्या फोक्सवॅगन बसचा बॉक्स तर फुकट मिळाला तरी बीटलला लावू नका. त्या बसच्या चाकांपाशी रिडक्शन गिअर असतात, ते फिरण्याची दिशा उलटी करतात, म्हणून आत क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला बसवलेलं असतं. बीटलमध्ये तो तसाच घातलात तर एक गिअर पुढे आणि चार मागे मिळतील.

विकणारा सांगतो त्या वर्षावर विसंबू नका. युरोपात टॉर्शन बारवाल्या साध्या बीटलला १९६८ नंतरही कितीतरी वर्षं स्विंग एक्सलच होता, त्यामुळे ‘१९७२ चा’ या शब्दांना देश कळल्याशिवाय अर्थ नाही. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे बीटल आहेत त्यांनी तर हे आधी बघावं: गाडी मुळात कुठल्या बाजारासाठी बनली होती?

केसिंगच्या तळाशी कोडची अक्षरं ठोकलेली असतात, ती वाचा. पण बॉक्स आयुष्यात एकदा तरी उघडला गेलेला असतो आणि आतला माल बदललेला असू शकतो, म्हणून मी मोजून बघतो. चौथा गिअर टाका. एका बाजूचा एक्सल घट्ट धरा आणि दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात इनपुट शाफ्ट (इंजिनाकडचा) किती फिरला ते खडूच्या खुणेवरून बघा. चौथा गिअर ०.८९ चा धरला तर ३.९ च्या आसपास आलं की क्राउन-पिनियन ४.३७५ चं, ३.६७ आलं की ४.१२५ चं, साडेतीनच्या जरा खाली आलं की ३.८७५ चं. मग १७ मिलिमीटरच्या षटकोनी चावीने तळाचा ड्रेन प्लग काढा आणि त्याचं चुंबक बघा. करड्या रंगाचा मऊ लेप चालतो. तुकडा सापडला तर बॉक्स तिथेच ठेवून परत या.

खरं म्हणजे बॉक्स शोधण्याआधी तुमचा बॉक्स खरंच गेलाय का ते बघा. मागच्या सीटखाली एक छोटं झाकण आहे. ते उघडलं की गिअर रॉडचा कपलर (रॉड गिअरबॉक्सला जोडणारा सांधा) दिसतो. त्याचे बुश झिजले असतील, किंवा गिअरबॉक्सच्या नाकाचं रबर माउंटिंग फाटलं असेल, तर पाय उचलल्यावर बॉक्स पुढे-मागे सरकतो आणि गिअर पूर्ण बसलेला नसला की निसटतो. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत. कपलर तर सीट काढून बसल्या जागी बदलता येतो, फक्त त्याच्या स्क्रूला सेफ्टी वायर परत बांधायला विसरू नका.

ते सगळं ठीक असूनही तिसरा निसटतच राहिला तर आत स्लीव्ह, हब किंवा फोर्क (गिअर गुंतवून धरणारे भाग) झिजलाय. तेव्हाही मी दुसरा जुना बॉक्स घेणार नाही. स्वतःचाच उघडून घेईन. तुमच्या गाडीला शंभर टक्के बसणारा बॉक्स आत्ता गाडीत आहेच, आणि ओळख ना पाळख अशा जुन्या बॉक्समध्ये काय झिजलंय ते बसवून चालवल्याशिवाय कळत नाही. दुकानदार ‘तुमचा जुना द्या, तयार दुसरा घ्या’ म्हणाला तर आधी विचारा की तयार बॉक्स लांब एक्सलचा आहे का आणि क्राउन-पिनियन कुठलं आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर तुमचा तुम्हालाच परत हवा, हे पावतीवर लिहून घ्या. भरताना जीएल-४ प्रतीचं ९० नंबरचं गिअर ऑइल, साधारण अडीच लिटर, बाजूच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत.

कपलर आणि माउंटिंगचे फोटो काढलेत तर खाली प्रतिक्रियेत टाका, बरोबर केसिंगच्या तळाच्या कोडचाही. बघून सांगतो.